ऊन पाण्याला किती मार्क?
(गरम पाण्याच्या झऱ्यांची स्पर्धात्मकता कशी मोजायची, याचा एक छोटा धडा)

महाराष्ट्राचा नकाशा घेऊन बसलात तर काही गावांची नावं एकमेकांची भावंडं वाटतात. दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. या सगळ्यांत "ऊन" आहे, पण ते आकाशातलं नाही. ऊन म्हणजे गरम, आपण "ऊन ऊन भात" म्हणतो त्यातलं. या गावांत जमिनीतूनच गरम पाणी येतं. शिवाय ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात तुरळ, राजवाडी, आरवली आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरात तीनशेहून जास्त गरम झऱ्यांची नोंद केली आहे, आणि त्यातले सुमारे साठ एकट्या पश्चिम किनारपट्टीवर आहेत.

एवढं असूनही "वेलनेस टुरिझम" म्हटलं की आपल्याला जपान आठवतं, आइसलँड आठवतं, फार तर केरळ. असं का, हे कुणाला विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "आपल्याकडे मार्केटिंग नाही." मित्रांनो, परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर सर शून्य मार्क देतील! कुठलं ठिकाण पुढे आहे, किती पुढे आहे आणि कशामुळे, हे मोजता आलं पाहिजे. ते कसं मोजतात आणि मोजताना गाडी कुठे घसरते, ते या लेखात पाहू.

१. स्पर्धात्मकता म्हणजे नेमकं काय?

आमच्यासारख्या इंग्लिश मीडियमवाल्यांना हा शब्द जरा जड जातो, पण अर्थ सोपा आहे. पर्यटकांना खेचून आणायचं, त्यांना समाधान द्यायचं, त्यातून गावाचं भलं व्हायचं, आणि हे सगळं पुढच्या पिढीलाही करता आलं पाहिजे. ही ताकद म्हणजे स्पर्धात्मकता. ब्रेंट रिची आणि जेफ्री क्राउच या दोन अभ्यासकांनी २००३ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, निसर्गाने आणि इतिहासाने तुम्हाला काय दिलं ही एक गोष्ट, आणि तुम्ही त्याचं काय केलं ही दुसरी. पहिली देणगी, दुसरी कर्तबगारी. दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण आइसलँडचा ब्लू लगून. तो निसर्गाचा झरा नाहीच! स्वार्त्सेंगी इथे १९७६ मध्ये भूऔष्णिक वीज केंद्र सुरू झालं आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी लाव्हाच्या खडकात साचत गेलं. पाण्यातल्या सिलिकामुळे तळाशी पांढरा गाळ बसला. सोरायसिस असलेल्या लोकांना त्यात उतरून बरं वाटू लागलं. मग १९८७ साली तिथे रीतसर स्नानगृह झालं आणि आज तो जगप्रसिद्ध आहे. म्हणजे प्लँटचं सांडपाणी हीच देणगी, बाकी सगळी कर्तबगारी. पण देणगी देणारी जमीन तीच ज्वालामुखीची. २०२३ च्या नोव्हेंबरपासून जवळच्या ग्रिंडाविक भागात भूकंप आणि उद्रेक सुरू झाले आणि हे ठिकाण वारंवार बंद ठेवावं लागलं. धोका हादेखील मोजायचा निकष आहे.

२. पहिला पेपर : पाणी

झऱ्याच्या बाबतीत पाण्याच्या तीन गोष्टी मोजतात : तापमान, प्रवाह आणि रसायन.

तापमानापासून सुरू करू. जपानमध्ये १९४८ चा "ओन्सेन कायदा" आहे. जमिनीतून येणारं पाणी २५ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल, किंवा त्यात ठरवलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असेल, तर ते ओन्सेन. ही व्याख्या आपण जशीच्या तशी उचलली तर काय होईल? कोकणात विहिरीचं साधं पाणीही २५ अंशांच्या वर असतं, म्हणजे प्रत्येक विहीर ओन्सेन! म्हणून गरम की थंड हे त्या जागेच्या सरासरी तापमानाशी तुलना करूनच ठरवायला हवं. निकष उधार घेताना तो कुठल्या हवेत बनलाय ते आधी बघावं.

आपलं पाणी तापतं कसं, तेही समजून घेऊ. कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांमधून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. आता गणित करा. पाणी २७ अंशांवर आत गेलं आणि ६० अंशांवर बाहेर आलं, तर फरक ३३ अंश. ३३ भागिले ३० म्हणजे १.१. म्हणजे ते निदान एक किलोमीटरहून खोल जाऊन आलं. वर येताना ते थोडं थंडही होतं, त्यामुळे खरी खोली याहून जास्तच असणार. उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास जातं. हे सगळं पाणी शेवटी पावसाचंच आहे, म्हणजे झऱ्याला मर्यादा आहे हे इथेच लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

दुसरी गोष्ट प्रवाह. जपानच्या गुन्मा प्रांतातल्या कुसात्सु या गावात मिनिटाला ३२,००० लिटरहून जास्त गरम पाणी आपोआप वर येतं. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर २५ लिटरचे १,२८० गीझर दर मिनिटाला भरतील. (आणि इथे एका गीझरसाठी सकाळी सहा वाजता रांग!) प्रवाह महत्त्वाचा, कारण एका वेळी किती लोक स्वच्छ वाहत्या पाण्यात आंघोळ करू शकतील ते त्यावरच ठरतं.

तिसरी गोष्ट रसायन. कुसात्सुच्या पाण्याचा पीएच सुमारे २ आहे, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट. आपल्याकडे कुठल्याही कुंडावर विचारा, उत्तर एकच : "गंधकाचं पाणी आहे, त्वचारोग बरे होतात." असेलही, पण प्रयोगशाळेचा आकडा कुठे? जपानमध्ये स्नानगृहात पाण्याच्या विश्लेषणाचा तक्ता लावावाच लागतो, आणि २००७ च्या दुरुस्तीनंतर दर दहा वर्षांनी नव्याने तपासणी करणं बंधनकारक झालं. कायद्याने अशी सक्ती आपल्याकडे नाही. त्यामुळे आपला झरा खरोखर चांगला असला तरी त्याला मार्क देता येत नाहीत. पेपर लिहिला पण रोल नंबरच टाकला नाही, तसं.

३. दुसरा पेपर : पाण्याभोवतीचं सगळं

इथे यादी मोठी आहे, म्हणून भरभर जाऊ. रस्ता आणि रेल्वे. राहण्याखाण्याची सोय. कपडे बदलायला नीट आडोसा, विशेषतः बायकांसाठी. (हा निकष परदेशी पुस्तकात शोधून सापडणार नाही, पण आपल्याकडे अर्धे पर्यटक यावरच यायचं की नाही ते ठरवतात.) आसपास बघायला काय आहे. हंगाम किती महिने चालतो. नाव किती लोकांना माहीत आहे.

यात कुसात्सुकडून शिकण्यासारखं खूप आहे. स्रोताचं पाणी आंघोळीला फारच गरम. त्यात थंड पाणी मिसळलं तर गुण कमी होतात, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी पाणी ढवळून ते निववायची जुनी पद्धत आहे, तिला "युमोमी" म्हणतात. आज लोक तिकीट काढून ती बघायला जातात. म्हणजे अडचणीचंच आकर्षण झालं! एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात या पाण्याची कीर्ती बाहेर पोचवली. गावात अजूनही छोटी सार्वजनिक स्नानगृहं आहेत, काही चक्क फुकट. जपानमध्ये ओन्सेनमध्ये नाहणाऱ्या पाहुण्याकडून साधारण १५० येन "स्नान कर" घेतात आणि तो स्रोत जपणं, अग्निशमन, पर्यटन अशा ठरावीक कामांवरच खर्च करतात.

सिव्हिलवाल्यांसाठी खास गोष्ट वेगळीच आहे. एवढं आम्लधर्मी पाणी नदीत गेलं तर मासे मरतात, पुलाचं काँक्रीट आणि लोखंड खाल्लं जातं. म्हणून १९६४ पासून तिथे नदीत सतत चुन्याचं पाणी सोडून आम्ल मारतात आणि तयार होणारा गाळ खालच्या धरणात अडवतात. पर्यटकाला हे दिसतही नाही, पण हे नसेल तर खालच्या गावांनी कुसात्सुला कधीच माफ केलं नसतं.

४. मार्क कसे द्यायचे?

नेहमीची पद्धत म्हणजे वेटेड बेरीज. प्रत्येक निकषाला वेट द्यायचं, शंभरात वाटायचं. प्रत्येक ठिकाणाला त्या निकषात दहापैकी मार्क द्यायचे. गुणाकार, बेरीज, झालं. समजा "क" आणि "ख" असे दोन काल्पनिक झरे आहेत. "क" शहराजवळचा, प्रसिद्ध, हॉटेलांनी भरलेला, पण पाणी कधी तपासलेलं नाही आणि आजूबाजूला बोअर वाढत चाललेत. "ख" लांबचा, साधा, पण नीट राखलेला.

पाण्याचं वेगळेपण : वेट २०, क ला ८, ख ला ८
पाण्याची सुरक्षितता : वेट १५, क ला १, ख ला ७
झऱ्याचं आयुष्य : वेट १५, क ला ३, ख ला ८
पोचण्याची सोय : वेट २०, क ला ९, ख ला ५
राहण्याखाण्याची सोय : वेट २०, क ला ९, ख ला ४
नाव आणि व्यवस्थापन : वेट १०, क ला ९, ख ला ५

हिशेब करून बघा. क ला ६.७०, ख ला ६.१५. क जिंकला. अहवालात क पहिला येणार, निधी त्यालाच मिळणार, अजून हॉटेलं तिथेच होणार.

५. बेरीज कुठे फसते?

क च्या पाण्याला सुरक्षिततेत दहापैकी एक मार्क आहे, तरी तो पहिला! असं का? कारण बेरजेत एका विषयातले मार्क दुसऱ्या विषयातली खड्डेभरती करतात. आपल्या परीक्षेत असं चालतं का? गणितात १०० मिळाले म्हणून मेकॅनिक्समध्ये ८ मार्कांवर पास करतात का? नाही. प्रत्येक विषयात वेगळं पासिंग लागतं. मेसचं उदाहरण घ्या. टेबलं चकाचक, टीव्ही मोठा, चपात्या मऊ, पण पाण्याच्या टाकीत पाल पडलीय. सरासरी काढून त्या मेसला "बरी" म्हणणार का?

हे नुसतं तर्काचं नाही, घडलेलं आहे. इंग्लंडमधलं बाथ हे रोमन काळापासूनचं स्नानाचं गाव. रोज अकरा लाख लिटरहून जास्त पाणी, ४६ अंशांच्या आसपास. इतिहास, इमारती, नाव, सगळ्यात दहापैकी दहा. १९७८ साली तिथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमीबाजन्य मेंदुज्वराने गेली. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून मेंदूत शिरतो. (आपल्या केरळमध्येही २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदुज्वराचे रुग्ण सापडले.) बाथमध्ये त्या पाण्यात आंघोळ बंद झाली आणि नवं स्नानगृह उघडलं थेट २००६ मध्ये. २८ वर्षं! एका निकषातल्या शून्याने बाकी सगळ्यांना गुणलं.

दुसरं उदाहरण न्यूझीलंडचं रोटोरुआ. शहरातल्या लोकांनी घरं आणि हॉटेलं गरम ठेवायला जागोजागी बोअर घेतल्या. १९८० च्या दशकापर्यंत गरम फवारे मंदावले. ज्या फवाऱ्यांसाठी पर्यटक येतात तेच थांबायला लागले. शेवटी सरकारने पोहुतू फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या, तेव्हा पाण्याची पातळी पुन्हा सावरू लागली. आपल्या देशात हिमाचलमधल्या सतलजकाठच्या तत्तापानीचे मूळ झरे तर कोलडॅमच्या जलाशयाखाली गेले. तिथे बाकीच्या मार्कांना काय अर्थ उरला?

मग उपाय काय? दोन आहेत. एक, पासिंगची अट. सुरक्षितता किंवा झऱ्याचं आयुष्य यात पाचाहून कमी मार्क असतील तर ते ठिकाण स्पर्धेत धरायचंच नाही, आधी दुरुस्ती. दोन, बेरजेऐवजी गुणोत्तर सरासरी. प्रत्येक मार्काला त्याच्या वेटाचा घात द्यायचा (२० वेट म्हणजे ०.२० घात) आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. संयुक्त राष्ट्रांनी मानव विकास निर्देशांकासाठी २०१० मध्ये साध्या सरासरीऐवजी हीच पद्धत घेतली, कारण तेच. आपल्या आकड्यांवर ती लावली तर क ला ५.३६ आणि ख ला ५.९३ येतात. ख पुढे! झरे तेच, मार्क तेच, वेटही तेच. फक्त सूत्र बदललं.

६. वेट कोण ठरवतं?

आता सूत्र परत साध्या बेरजेचं घ्या, पण वेट थोडे हलवा. सोयीच्या दोन्ही निकषांतून पाच-पाच काढून सुरक्षितता आणि आयुष्य यांना द्या. क ला ६.००, ख ला ६.४५. पुन्हा निकाल उलटा. म्हणून ज्या अहवालात वेट कुणी आणि कसे ठरवले ते लिहिलेलं नाही, त्यातल्या क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वेट थोडे हलवून निकाल टिकतो का ते पाहणं, म्हणजेच सेन्सिटिव्हिटी ॲनॅलिसिस, ही शोभेची गोष्ट नाही.

वेट काढायच्या रीतसर पद्धती आहेत. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या एएचपी पद्धतीत दोन-दोन निकषांची जोडी लावून "यातलं जास्त महत्त्वाचं कुठलं आणि किती पट" असं १ ते ९ मध्ये विचारतात. मार्टिला आणि जेम्स यांची १९७७ ची पद्धत त्याहून सोपी. प्रत्येक गोष्टीबद्दल पाहुण्याला दोन प्रश्न : तुम्हाला हे किती महत्त्वाचं? आणि इथे ते किती चांगलं आहे? महत्त्व जास्त आणि दर्जा कमी असा जो कप्पा निघतो, तिथे आधी पैसा घालायचा.

पण विचारायचं कुणाला? मुंबईहून वीकेंडला येणारा म्हणेल पार्किंग. गुडघे दुखणारी आजी म्हणेल कुंडाच्या पायऱ्यांना कठडा. वज्रेश्वरी-गणेशपुरीला येणारा भाविक म्हणेल देवदर्शन. तिथे आंघोळ ही आधी श्रद्धा आहे, मग टुरिझम. आणि ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात आंघोळी केल्या, ते म्हणेल आमचं कुंड आम्हाला फुकट राहू द्या. प्रश्नावली फक्त हॉटेलच्या लॉबीत भरून घेतली तर शेवटची दोन माणसं गणितात येतच नाहीत. मग कुंडाला कुंपण पडतं, तिकीट लागतं, आणि कागदावर "स्पर्धात्मकता वाढली" असं दिसतं. गावाचं भलं हे आपण व्याख्येतच घेतलं होतं, ते इथे गळता कामा नये.

७. मग आपले झरे?

या नजरेने पाहिलं तर चित्र निराशेचं नाही. आरवली आणि तुरळ मुंबई-गोवा महामार्गालगत आहेत, कोकण रेल्वेचं स्टेशनही जवळ. उन्हवऱ्याहून पन्हाळेकाजीची लेणी जवळ. वज्रेश्वरीला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेचा, म्हणजे १७३९ चा, इतिहास आहे. देणगीचे मार्क चांगले. कमी पडतात ते तपासलेल्या पाण्याचा तक्ता, आडोसा, स्वच्छता आणि झऱ्याभोवतीच्या बोअरवर नियंत्रण. यातलं काहीही पंचतारांकित नाही आणि फार महागही नाही. केरळने आयुर्वेद केंद्रांना "ग्रीन लीफ" आणि "ऑलिव्ह लीफ" असे दर्जे देऊन पाहुण्याचा विश्वास मिळवला. झऱ्यांसाठी असं काही आपल्याकडे व्हायला काय हरकत आहे?

उलट, भीती दुसरीच वाटते. हातात पैसा आला की आपण सगळ्यात आधी टाइल्स बसवतो. झऱ्याच्या तोंडाशी काँक्रीट ओतलं, वाहतं पाणी अडवून मोठी टाकी केली, तर फोटो छान येतो. पण पाणी बदलत नाही आणि साचलेल्या कोमट पाण्यात काय वाढतं ते बाथने दाखवलंय.

८. प्रोजेक्ट हवाय का?

फायनल इयरला विषय शोधत फिरणाऱ्यांसाठी हा तयार विषय आहे. थर्मामीटर, पीएच मीटर, बादली आणि स्टॉपवॉच एवढ्यावर तापमान, आम्लता आणि छोट्या झऱ्याचा प्रवाह मोजता येतो. जंतुपरीक्षेसाठी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन तो बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायचा. मोजणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करा, म्हणजे पाऊस आणि झरा यांचं नातं कळेल. प्रश्नावली मराठीत करा आणि पाहुण्यांइतकीच गावकऱ्यांकडूनही भरून घ्या. कॉम्प्युटरवाल्यांनी वेट हलवून निकाल कितीदा उलटतो त्याचा छोटा प्रोग्राम लिहावा. आणि एक खबरदारी : पाणी किती अंश आहे ते मोजल्याशिवाय पाय घालू नका. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

शेवटी रिपोर्टची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायला विसरू नका. पाण्याचा तक्ता कुंडाशेजारी भिंतीवर लागला, तर त्या झऱ्याला पहिल्यांदा खरे मार्क मिळतील, आणि ते तुमच्या हातून मिळालेले असतील.